उलटा विसार

गणपतीचे विसर्जन झाले की लालबाग, परळ, दादर आणि गिरगावातील घरगुती उद्योगांना दिवाळीचे वेध लागतात. भाजणी दळायला जाते, मसाल्यांच्या दुकानांत गर्दी वाढते, आकाशकंदिलांचे सांगाडे बांधले जातात, छापखान्यांत भेटकार्डांची आणि दिनदर्शिकांची लगबग सुरू होते. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा या थोड्या दिवसांत मिळवायचा असतो. अशा वेळी या उद्योगांच्या ईमेलवर एखादे पत्र येऊन पडते. मजकूर साधारण असा : ‘आम्हाला आपल्या मालाची मोठी मागणी नोंदवायची आहे. दर कळवावा. पैसे आगाऊ देऊ. काम तातडीचे आहे.’ पाठविणारा कधी परदेशातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा पदाधिकारी असतो, कधी बड्या कंपनीचा खरेदी अधिकारी, तर कधी सैन्यदलातील सुभेदार. निदान तो तसे सांगतो.

अशी सगळीच पत्रे खोटी असती तर कोणी फसले नसते. परदेशातील मराठी घरांना इथला फराळ खरोखरच जातो, लालबाग-परळच्या मूर्ती खरोखरच सातासमुद्रापार जातात, आणि त्यांची मागणी खरोखरच ईमेलने येते. खऱ्या मागण्यांच्या या ओघात खोटी मागणी मिसळून जाते, म्हणूनच ती ओळखणे अवघड आहे. या प्रश्नाकडे ‘लोक लोभी झाले, म्हणून फसतात’ अशा तुच्छतेने पाहणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की आलेल्या मागणीला उत्तर देणे हा लोभ नाही, तो व्यापार आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२५ च्या जुलैमध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी देशातील नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये लुबाडले. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हाच आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिपटीहून अधिक! या आकड्यात सर्व प्रकारच्या फसवणुकी आहेत. परंतु ज्या उद्योगाचे सारे भांडवल पन्नास हजारांचे आहे, त्या घरातून चाळीस हजार गेले तर राष्ट्रीय आकडेवारीत ते दिसतही नाहीत. त्या घराची मात्र दिवाळी जाते, आणि बहुधा उद्योगही जातो.

ओळख होती तेव्हा

या भागातील लघुउद्योगांची परंपरा फार मोठी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज ‘लिज्जत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा तो प्रारंभ. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर किती घरांची चूल डबे, पोळीभाजी आणि शिवणकाम यांच्यावर पेटत राहिली, हे परळ-लालबागच्या चाळींना ठाऊक आहे.

या साऱ्या उद्योगांना एक अदृश्य संरक्षण होते, ते म्हणजे ओळखीचे. गिऱ्हाईक कोणत्या चाळीतले, कोणत्या गिरणीतले, कोणाच्या नात्यातले, हे विचारल्यावाचून कळत असे. उधारी बुडालीच तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, ते माहीत असे. मोठ्या बाजारपेठेतही हेच तत्त्व होते. मुंबईच्या पेढ्यांवर हुंडी वटविली जाई ती कागद पाहून नव्हे, तर त्या कागदामागची पेढी आणि तिची पत पाहून. अनोळखी माणसाशी व्यवहार करायचाच झाला तर त्याच्याकडून विसार घेतला जाई. विसार म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर ठेवलेला शब्द. माल अद्याप मिळालेला नाही, तरी मी तो घेणार आहे, याची ती रोख खूण.

ईमेलने बाजारपेठ जगभर पसरविली, हे त्याचे मोठेच देणे आहे. परंतु ओळखीचे ते कुंपण त्याबरोबर गळून पडले, आणि त्याच्या जागी दुसरे काही आपण घातले नाही. पत्रावरचे नाव कोणीही कोणाचेही टाकू शकतो, बोधचिन्ह कोणीही उतरवून घेऊ शकतो. पूर्वी अशा पत्रांतील इंग्रजी गचाळ असे, त्यावरून संशय यायचा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कोणताही भामटा निर्दोष इंग्रजीत, इतकेच काय, बऱ्यापैकी शुद्ध मराठीतही पत्र लिहू शकतो. भाषेवरून माणूस ओळखण्याचा काळ सरला. आता व्यवहारावरून ओळखायला हवे.

पैसा कोणत्या दिशेने जातो?

या फसवणुकीची रूपे वरवर पाहता अनेक आहेत. बारकाईने पाहिले तर बहुतेकांत एकच गोष्ट घडते : विसार उलटा होतो. घेणाऱ्याने द्यायचे पैसे कोणत्या ना कोणत्या निमित्ताने विकणाऱ्याच्या खिशातून जाऊ लागतात.

पहिला प्रकार परदेशी मागणीचा. पत्रलेखक मालाबद्दल फारसे काही विचारत नाही. कार्डाने पैसे घेता का, एवढेच विचारतो. दर मान्य करतो, घासाघीस करीत नाही. मग कळवितो, की माल नेण्याचे काम आमचा ठरलेला वाहतूकदार करील. त्याला कार्ड चालत नाही, तेव्हा त्याचे भाडे धरून सगळी रक्कम माझ्या कार्डावर टाका आणि त्याचा हिस्सा तुम्ही त्याला परस्पर पाठवा. विक्रेत्याच्या खात्यात पैसे दिसतात, तो भाडे पाठवितो, मालही रवाना होतो. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक, ज्याला यातले काहीच ठाऊक नसते, आपल्या बँकेकडे तक्रार करतो आणि ती सारी रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून परत जाते. माल गेला, पैसे गेले, वर भाड्याचा भुर्दंड! आपल्या देशातील कार्डांना ऑनलाइन व्यवहारासाठी दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली. परदेशात काढलेल्या कार्डांना ते कवच आपोआप लाभत नाही, ही गोष्ट आपल्या छोट्या उद्योजकांपर्यंत पोहोचलेलीच नाही.

दुसरा प्रकार अधिक संतापजनक आहे, कारण तो आपल्या भावनेवर घाला घालतो. मागणी येते ती लष्कराच्या किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाच्या नावाने. तुकडीसाठी जेवण हवे, मिठाई हवी, पुस्तके हवीत. विश्वास बसावा म्हणून गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठविले जाते. पैसे देण्याची वेळ आली की सांगितले जाते, ‘आमच्या लेखा विभागाची पद्धत निराळी आहे. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा परत येतील.’ तसे येतातही. मग संपूर्ण रकमेचा क्यूआर कोड येतो. विक्रेता पैसे मिळतील या समजुतीने तो स्कॅन करतो, गुप्त क्रमांक दाबतो आणि पैसे खात्यातून जातात. जवानाचे नाव ऐकताच आपल्या घरांत हिशेब बाजूला ठेवला जातो, हे भामट्यांनी अचूक हेरले आहे. या चोरांनी पैसा तर नेलाच, पण पुढच्या वेळी खरा जवान दुकानात आला तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाईल, हे नुकसान कोणत्या फिर्यादीत नोंदवायचे?

तिसरा प्रकार नोंदणी शुल्काचा. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावाने पत्र येते : आपली पुरवठादार म्हणून निवड झाली आहे, नोंदणी शुल्क किंवा अनामत भरा. पश्चिम आफ्रिकेतील देशांतून येणाऱ्या अशा बनावट कंत्राटांबद्दल तेथील भारतीय वकिलातींनी आपल्या निर्यातदारांना सावधगिरीच्या सूचना दिलेल्या आहेत. चौथ्या प्रकारात खात्यात जास्त रक्कम जमा झाल्याचा बनावट संदेश पाठविला जातो आणि ‘चुकून एक शून्य जास्त पडले, वरचे पैसे परत करा’ अशी विनवणी होते. प्रत्यक्षात काहीच जमा झालेले नसते.

पाचवा प्रकार या चारांहून वेगळा. त्यात पैसे मागितलेच जात नाहीत. ‘मागणीपत्र सोबत जोडले आहे’ असे म्हणून एक फाईल येते. ती उघडताना ईमेलचा पासवर्ड विचारला जातो किंवा संगणकात घातक प्रणाली शिरते. मग भामटा आपल्याच पत्रव्यवहारात बसून आपल्या खऱ्या ग्राहकांना कळवितो, की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात भरा. माल आपण पाठवितो, पैसे तो घेतो.

पडताळणी म्हणजे अविश्वास नव्हे

तेव्हा उपाय काय? प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून पाहायचे काय? तसे केले तर धंदाच बंद करावा लागेल. पूर्वी ओळख जे काम आपोआप करीत असे, ते आता ठरवून करायचे, एवढाच याचा अर्थ.

सर्वांत आधी पत्र नीट वाचावे. खरा ग्राहक मालाचे नाव घेतो, वजन विचारतो, टिकेल किती दिवस ते विचारतो, नमुना मागतो आणि भाव करतो. ज्याला पाचशे डबे चकली हवी आहे पण ती भाजणीची की तांदळाची याच्याशी कर्तव्य नाही, त्याला चकली नकोच आहे. मुंबईत राहून भाव न करणारे आणि तरीही घाईत असलेले घाऊक गिऱ्हाईक भेटले, तर आनंद होण्याआधी दोन मिनिटे थांबावे. पाठविणाऱ्याचे नाव पाहू नये, त्यामागचा पूर्ण ईमेल पत्ता पाहावा. मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी फुकटच्या सार्वजनिक ईमेलवरून सहसा लिहीत नाही. कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदलून केलेला पत्ता घाईत वाचला तर खराच वाटतो. उत्तर देताना पत्ता बदलतो काय, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट, पत्रात दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खातरजमा करू नये. तो क्रमांक भामट्याचाच असतो. कंपनीचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधावा आणि तेथे विचारावे. ग्राहक व्यापारी असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक मागावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घातला की नोंदणीकृत नाव कोणालाही पाहता येते. मात्र दुसऱ्याचा खरा क्रमांकही दिला जाऊ शकतो, म्हणून नाव आणि पत्ता जुळतो काय ते पाहून मगच पुढे जावे. परदेशी मागणी मोठी असेल तर निर्यात पत हमी देणारे ईसीजीसी हे केंद्र सरकारचे महामंडळ १९५७ पासून मुंबईतच आहे. त्याच्याकडे परदेशी खरेदीदारांच्या पतीची माहिती मिळण्याची सोय आहे.

तिसरी गोष्ट, पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा गुप्त क्रमांक दाबावा लागत नाही. तो क्रमांक फक्त पैसे देताना लागतो. हे एक वाक्य गल्ल्याशेजारी लिहून लावले तरी निम्मे काम होईल. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठविण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगलेच झाले. पण क्यूआर कोडचा सापळा अजून आहे. पैसे जमा झाले की नाही, हे मोबाइलवरच्या संदेशात पाहू नये. आपल्या बँकेच्या खात्यात जाऊन पाहावे. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आधी घ्यावी, ती बँकेतून बँकेत आलेली असावी, आणि वाहतूकदार आपण निवडावा.

याला एक अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. सरकारी निविदांत विक्रेत्याला बयाणा रक्कम भरावी लागते. परंतु अशी निविदा जाहीर असते, तिची कागदपत्रे अधिकृत संकेतस्थळावर असतात आणि पैसे कार्यालयाच्या खात्यात जातात. व्यक्तीच्या खात्यात बयाणा मागणारा सरकारी अधिकारी हा अधिकारी नव्हे.

लाज चोराला वाटावी

एवढे करूनही कोणी फसलाच, तर सर्वांत मोठा शत्रू ठरते ती लाज. घरात सांगायचे कसे, बचत गटातल्या बायका काय म्हणतील, या विचारात दोन दिवस जातात. तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून नाहीसे होतात. या फसवणुकीत पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळविले, किंवा ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविली, तर पैसे पुढे जाण्याआधी ते खाते गोठविता येण्याची शक्यता असते. त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. आलेली पत्रे, संदेश, पावत्या पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखाली संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फसवणुकीला कठोर शिक्षा आहे.

लाज बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात एका इटालियन अभियांत्रिकी कंपनीच्या मुंबईतील उपकंपनीने आपल्या परदेशस्थ प्रमुखाच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलवर विसंबून सुमारे १३० कोटी रुपये बाहेर धाडले. तिथे तर सनदी लेखापाल आणि कायद्याचे सल्लागार दिमतीला होते. जिथे असे लोक फसतात तिथे चाळीतल्या भगिनीला ‘अक्कल नव्हती का?’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, पोलीस ठाण्यातील अंमलदाराला तर मुळीच नाही.

सगळा भार विक्रेत्यावर टाकून शासन आणि बँका यांना मोकळे होता येणार नाही. भामट्याने लुटलेला पैसा शेवटी कोणत्या तरी बँकेच्या कोणत्या तरी खात्यातच जातो. थोड्या पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणारे लोक आहेत, आणि अशी खाती डोळे झाकून उघडणाऱ्या शाखाही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराचे दायित्व मर्यादित केले. परंतु गुप्त क्रमांक ग्राहकाने स्वतः दाबला असेल तर त्या संरक्षणाचा लाभ मिळणे कठीण होते, आणि या प्रकारात तो बहुधा त्यानेच दाबलेला असतो. मनात आणले तर कारवाई होऊ शकते, हे एप्रिल २०२३ मध्ये दिसले. हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर सुमारे पाच हजार पोलिसांनिशी एकाच वेळी छापे घातले आणि ६५ हून अधिक जणांना अटक केली. अशी कारवाई एकदाच करून भागत नाही. ती चालू राहावी लागते, आणि भाड्याने दिलेल्या खात्यांची जबाबदारी बँकांवरही यावी लागते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कण्टकशोधन’ नावाचे संपूर्ण अधिकरण आहे. त्यात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण कसे करावे, याचा तपशीलवार विचार आहे. आज लहान व्यापाऱ्याचेच खोट्या गिऱ्हाइकापासून रक्षण करण्याची वेळ आली आहे. समाजातील काटे वेचणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे सूत्र मात्र तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

राज्य आपले काम करील तेव्हा करील. समाजाचे काम आजच सुरू होऊ शकते. गिरगाव आणि लालबागच्या गणेशोत्सव मंडळांना देखाव्यासाठी दरवर्षी विषय हवा असतो. हा विषय त्यांनी घ्यावा. व्यापारी संघांनी आपल्या सभासदांना आलेली खोटी पत्रे एकमेकांना दाखवावीत, कारण एकच पत्र एका गल्लीत दहा जणांना आलेले असते. महाविद्यालयीन तरुणांनी आपल्या आई-मावशीच्या उद्योगाचा ईमेल आठवड्यातून एकदा तिच्याशेजारी बसून वाचावा. आणि कार्यकर्त्यांनी येत्या आठवड्यात आपल्या वस्तीतील निदान पाच घरगुती उद्योगांना भेट देऊन तीनच गोष्टी सांगाव्यात : पैसे घेताना गुप्त क्रमांक लागत नाही, माल विकणाऱ्याने आधी पैसे द्यायचे नसतात, आणि फसवणूक झाली तर त्याच क्षणी १९३० वर कळवायचे. हे सांगायला दहा मिनिटे पुरतात, आणि दिवाळी अजून हातात असते.